आफ्रिकेची एक वाट भातोडीवरून

परदेशी विद्यापीठांतील विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटीत पश्चिम आफ्रिकेचा इतिहास अभ्यासावयास घानाच्या किनाऱ्यावर जातात, आणि पोर्तुगीजांनी 1482 साली बांधावयास घेतलेल्या एल्मिनाच्या किल्ल्यात, ज्या अरुंद दारातून जखडलेली माणसे जहाजांवर चढविली गेली, त्या दारापाशी मुकाट उभे राहतात, हे वाचले तेव्हा मला आपल्या नगर तालुक्यातली भातोडी आठवली. एल्मिनाचा पाया पडल्यावर आठच वर्षांनी, 1490 साली, अहमद निजामशहा बहमनींपासून स्वतंत्र झाला, आणि त्याच्या दौलतीचा अखेरचा खंदा आधार ठरला तो आफ्रिकेतूनच विकला गेलेला एक गुलाम.

मलिक अंबर पश्चिमेचा नव्हे, पूर्वेकडच्या हबसाणातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला. हा भेद किरकोळ नाही. अटलांटिकपार जी सुमारे सव्वा कोटी माणसे लोटली गेली त्यांच्या वाट्याला मुख्यतः उसाकापसाचे मळे आले आणि गुलामी लेकरांच्याही माथी बसली. दख्खनेत मात्र हबशी विकत घेतला जाई तो बहुधा तलवारीसाठी, आणि धनी वारल्यावर तो मोकळाही होऊ शके. मोखा, बगदाद असा फिरत आलेल्या अंबराला घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान स्वतःच हबशी होता. त्याच्या पश्चात त्याच्या विधवेने अंबराला मुक्त केले. तरी विक्री ती विक्रीच. चापू या जन्मनावाने त्याला पुन्हा कोणी हाक मारली असेल काय, कोण जाणे!

1600 साली नगरचा किल्ला मोगलांकडे गेल्यावर, परांड्यास निजामशाही वंशातला एक वारस गादीवर बसवून, या गृहस्थाने पाव शतक राज्य हाकले. इजाऱ्याची पद्धत मोडून, जमिनीची प्रत पाहून धारा बांधला, आणि त्याची ‘मलिकंबरी’ ही ओळख पुढल्या वसुली व्यवहारातही टिकली. जहांगीर तर इतका चिडला की अंबराच्या छिन्न मस्तकावर आपण बाण सोडीत आहोत असे चित्रच त्याने काढवून घेतले. खरे मस्तक 1626 मध्ये अंबर वृद्धापकाळी मरेपर्यंत धडावरच होते.

भातोडीची लढाई 1624 ची. मोगल आणि आदिलशाही फौजा चालून आल्या तेव्हा अंबराने तलावाचा बांध फोडून त्यांच्या छावणीभोवती चिखल करून ठेवला, आणि मग मराठे-हबशी घोडदळ सोडले. शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी येथेच पडले. मी गेलो तो भर वैशाखात. पाणी तळाशी गोळा झाले होते, काठचा गाळ वाळून तडकला होता, त्यावर खुरांचे खोल ठसे उमटले होते. गावातल्या गुरांचेच, सकाळी पाण्यावर येऊन गेलेल्या.