वर्गणीच्या बळावर समुद्रापार

विज्ञानकथांच्या चाहत्यांचे एक जागतिक संमेलन दरवर्षी भरते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी परिचित नाही. १९३९ साली न्यूयॉर्कला ते प्रथम भरले, तेव्हा सुमारे दोनशे माणसे जमली होती. त्याच वर्षी त्या शहरात भरलेल्या जागतिक प्रदर्शनावरून संमेलनाने ‘जागतिक’ हे विशेषण उचलले. विशेषण भारदस्त होते. परंतु १९४८ मधील टोरांटोचा अपवाद सोडला, तर १९५७ पर्यंत हे संमेलन अमेरिकेबाहेर गेले नाही.

या संमेलनामागे सरकारी अनुदान उभे नसते. सभासदत्वाची वर्गणी भरावयाची आणि प्रवासखर्च ज्याचा त्याने सोसावयाचा, हा तेथील रिवाज. मग समुद्रापलीकडच्या सामान्य नोकरदाराने तेथे जावे कसे? युद्धोत्तर ब्रिटनमध्ये तर परकीय चलनावर निर्बंध होते. ते पूर्णपणे उठावयास १९७९ साल उजाडले. खिशात पौंड असले तरी डॉलर मिळण्याची शाश्वती नव्हती.

या कोंडीतून मार्ग काढला तो चाहत्यांनीच. बेलफास्टचे वॉल्ट विलिस हे पेशाने सरकारी नोकर. घरच्या छापयंत्रावर, हाताने खिळे जुळवून ते एक हौशी नियतकालिक काढीत. ते अमेरिकेत वाचले जाई. तेथील वाचकांनी वर्गणी जमविली आणि १९५२ साली विलिस शिकागोच्या संमेलनाला गेले. ज्यांच्याशी केवळ पत्रांतून ओळख होती, त्यांची प्रत्यक्ष भेट झाली. वर्गणी डॉलरमध्ये जमल्याने चलनाचा प्रश्नही आपोआप सुटला.

या अनुभवातून १९५३ साली अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांना जोडणारा कायम निधी स्थापन झाला. त्याची रचना अभ्यासण्याजोगी आहे. अल्प वर्गणी देणाऱ्यास मताचा अधिकार मिळतो. कोणाला पाठवावयाचे हे मतदानाने ठरते. शिवाय निवडून येण्यास दोन्ही किनाऱ्यांवर किमान २० टक्के मते मिळवावी लागतात. म्हणजे केवळ घरच्या मित्रांच्या बळावर कोणी जाऊ शकत नाही. परतल्यावर प्रवासवृत्तांत लिहावा आणि आपल्या बाजूचा पुढचा प्रतिनिधी निवडला जाईपर्यंत निधीचा कारभार पाहावा, ही त्याची जबाबदारी मानली जाते. १९७२ मध्ये ऑस्ट्रेलिया व उत्तर अमेरिका यांच्यात आणि १९७९ मध्ये ऑस्ट्रेलिया व युरोप यांच्यात असेच निधी सुरू झाले.

अर्थशास्त्राच्या रूढ सिद्धान्तानुसार असा निधी टिकूच नये. ज्याचा लाभ सर्वांना मिळतो, त्याचा खर्च दुसऱ्याने करावा, असे प्रत्येकास वाटणे स्वाभाविक. तरीही हा निधी सात दशके चालला, कारण वर्गणीला मताची, मताला परिचयाची आणि परिचयाला हिशेब देण्याच्या नैतिक बंधनाची जोड होती. सहकाराच्या महाराष्ट्रात हे सूत्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

एका व्यक्तीच्या सहलीसाठी अनेकांनी का पैसे द्यावेत, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर काळाने दिले आहे. १९६८ साली जपानचे ताकुमी शिबानो यांना अमेरिकेतील संमेलनाला नेण्यासाठी असाच निधी उभारला गेला. पुढे २००७ साली हे जागतिक संमेलन आशियात प्रथमच, योकोहामा येथे भरले आणि शिबानो तेथे सन्माननीय पाहुणे होते. देणगीचे फळ पदरात पडण्यास कधी कधी ३९ वर्षे लागतात; तिचा हिशेब एका वर्षाच्या ताळेबंदात मांडता येत नाही.

मात्र या व्यवस्थेची मर्यादाही तिच्या बलस्थानातच आहे. परिचयावर चालणारा निधी परिचितांनाच निवडतो. ज्यांची नियतकालिके परस्परांच्या हाती पडत, त्या देशांतच हे पूल बांधले गेले. २०२३ मध्ये संमेलन चीनमधील चेंगडूला पोहोचले. परंतु आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि भारत येथे ते अद्याप भरलेले नाही. भारतीय चाहत्यापुढील अडथळा आता चलनाचा नाही. विदेशी चलनाचा जाचक कायदा गेला आणि वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेण्याची मुभा आहे. अडथळा उत्पन्नाचा आहे आणि व्हिसाचा आहे. पैकी दुसरा अडथळा कोणत्याही वर्गणीने दूर होत नाही.

पहिल्यावर मात्र उपाय आहे. मराठीत विज्ञानकथेची परंपरा जुनी आहे आणि तिला जाणकार वाचकही आहे. त्याने आधी आपले लेखन, आपली टिपणे, आपली पत्रे सीमेपलीकडे पोहोचवावीत. विलिस यांच्याआधी त्यांचे नियतकालिक अमेरिकेत पोहोचले होते, हे विसरून चालणार नाही. तिकिटाचा प्रश्न त्यानंतरचा. ‘जागतिक’ हे विशेषण सार्थ करण्याची जबाबदारी यजमानांवर आहे, तितकीच ती दार ठोठावणाऱ्यांवरही आहे.