नागपूर ते पुणे: विमानाचा वेळ जातो कुठे?

नागपूरच्या सोनेगाव विमानतळापासून पुण्याचं लोहगाव सरळ रेषेत किती दूर? हे काढायला शाळेतला पायथागोरस पुरतो. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांत अडीच अंशांचा फरक आहे. एका अंशाला सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे उत्तर-दक्षिण २७८. रेखांशांतला फरक ५.१ अंशांहून थोडा जास्त. पण रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात रेखांशाचा अंश १०५ किलोमीटरही भरत नाही. पूर्व-पश्चिम अंतर मग ५३७. कर्ण आला ६०५ किलोमीटर. गोलाईचं सूत्र लावूनही उत्तर फारसं हलत नाही. रस्त्याने हेच अंतर सातशेच्या वर जातं.

जेट विमान ताशी ८०० किलोमीटरने सहज जातं. पाऊण तासात पुणं यायला हवं. तिकिटावर मात्र दीड तासाच्या आसपासची वेळ असते.

एक तर तो वेग फार थोडा काळ मिळतो. दहा हजार फुटांखाली साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. उतरण्यासाठी वैमानिकांचा ढोबळ हिशोब असा, की दर हजार फुटांना तीन सागरी मैल हाताशी हवेत. ३३ हजार फुटांवरच्या विमानाला त्यामुळे सुमारे १८० किलोमीटर आधीच उतरायला लागावं लागतं. सरळ रेषेने आलं, तर पैठणच्या आसपास! चढणीतही असेच शे-दोनशे किलोमीटर जातात. पूर्ण वेगाने, एका पातळीत उडायला उरतो जेमतेम मधला तुकडा.

पुण्याची धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम आहे. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. वारा पश्चिमेचा असेल तर नागपूरहून येणारं विमान जवळपास समोरूनच आत शिरतं. पूर्वेचा असेल तर शहर ओलांडून, वळसा घालून परत यावं लागतं. त्यात लोहगाव हा हवाई दलाचा तळ, लढाऊ विमानांचीही तिथे ये-जा असते.

शिवाय वेळापत्रकातली वेळ उड्डाणाची नसतेच. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि पुन्हा जागेवर उभं राहिलं की थांबतं. त्यात कंपन्या थोडी सैल जागाही ठेवतात. ‘आपण वेळेआधी पोहोचलो आहोत’ या घोषणेचं श्रेय बरेचदा वैमानिकापेक्षा वेळापत्रक बनवणाऱ्याचं असतं.

खरी गंमत वाऱ्याची. हिवाळ्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेचे जोरदार वारे असतात. पुण्याला येणाऱ्या विमानाला ते समोरून लागतात. पावसाळ्यात जमिनीलगत नैऋत्य वारे वाहत असताना उंचावर मात्र उलट, पूर्वेकडून झोत येतो. हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये या पूर्व झोतवाऱ्याचं वर्णन केलं. म्हणजे त्याच मार्गावर ऋतू बदलला की फायद्याची दिशाही बदलते.

जाताना तोटा, येताना फायदा, म्हणजे फिटंफाट? नाही. चढ-उतार बाजूला ठेवून वारा ताशी ८० किलोमीटरचा धरा. समोरून लागला तर ६०५ किलोमीटरना साधारण ५०.४ मिनिटं, पाठीशी असला तर ४१.३. बेरीज ९१.७, वारा नसता तर ९०.८. जवळजवळ एक मिनिट जास्तच जातं, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक वेळ अडकून राहतं.