ओडरच्या पाण्यातले मीठ

२०२२ च्या ऑगस्टमध्ये पोलंड आणि जर्मनीच्या सीमेवरून वाहणाऱ्या ओडर नदीत मेलेल्या माशांचा खच पडला. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने पुढे केलेल्या अंदाजानुसार ३६० टनांपर्यंत मासे गेले; शिंपले आणि गोगलगायी वेगळ्याच. आधी संशय पाऱ्यावर गेला, पण त्यात तथ्य निघाले नाही. मग कोणीतरी गुपचूप विष ओतले असणार, असे धरून पोलंड सरकारने गुन्हेगाराचा माग देणाऱ्याला दहा लाख झ्लॉटींचे बक्षीस लावले आणि जलव्यवस्थापनाच्या प्रमुखाला घरचा रस्ता दाखवला. पण ज्याच्या हाती बेड्या घालाव्यात असा कोणी एकटा गुन्हेगार या प्रकरणात नव्हताच.

तपासातला महत्त्वाचा दुवा मिळाला तो ओडरकाठच्या फ्रँकफुर्टमध्ये (बँकांसाठी प्रसिद्ध असलेले ते हे नव्हे). तिथल्या स्वयंचलित मापन केंद्रातले आकडे चक्रावणारे होते. नदीत मासे मरतात ते बहुधा प्राणवायू कमी पडून. इथे मात्र तो वाढलेला होता, पाण्याचा अल्कधर्मीपणाही चढला होता आणि विद्युतवाहकता, म्हणजे पर्यायाने विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, नेहमीपेक्षा बरेच जास्त होते. पहिली दोन लक्षणे प्रकाशसंश्लेषणाची. पाण्यात काहीतरी हिरवे जोमाने वाढत होते. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसलेही: प्रिम्नेशियम पार्वम, दोन लांब शेपट्यांनी पोहणारे एकपेशीय सोनेरी शेवाळ. त्याचे विष माशांच्या कल्ल्यांमधल्या पेशींची आवरणे फोडते, त्यामुळे पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

आता खरा प्रश्न असा, की हे शेवाळ तिथे आले कसे? ते मूळचे खाड्यांमधले, मचूळ पाण्यातले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, गोड्या पाण्याच्या नदीत त्याचे एरवी फावले नसते. पण पोलंडमधल्या सिलेशियाच्या कोळसा आणि तांब्याच्या खाणींतून उपसलेले खारे पाणी वर्षानुवर्षे ओडरच्या खोऱ्यात सोडले जाते. त्या उन्हाळ्यात पाऊस नव्हता, नदी आटलेली, पाणी तापलेले. मीठ मात्र जवळपास तेवढेच येत राहिले. शेती आणि सांडपाण्यातून येणारे नत्र-स्फुरद खत म्हणून तयारच होते, आणि वरच्या भागातले कालवे व बंधारे पाणी अडवून धरत होते. संथ, कोमट, मचूळ आणि खतावलेले पाणी: या शेवाळाला आणखी काय हवे!

यावर एक आक्षेप हमखास येतो: दोष दुष्काळाचा आणि उष्णतेचा, खाणींना का धरता? आक्षेप अर्धा खरा आहे. दुष्काळ नसता तर कदाचित इतका संहार झाला नसता. पण त्या उन्हाळ्यात युरोपातल्या कितीतरी नद्या आटल्या, आणि त्यांत असा प्रकार घडला नाही. ओडरचे वेगळेपण मिठात होते. शिवाय पाऊस पाडणे कोणाच्या हाती नाही, नळाची तोटी मात्र आहे. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: खारे पाणी सोडण्याचे परवाने रीतसर होते. मला तर हेच या घटनेचे सर्वांत अस्वस्थ करणारे अंग वाटते. परवाना एकेका खाणीला स्वतंत्र मिळतो. नदीला मात्र सगळ्यांचे मीठ एकत्र झेलावे लागते, आणि तेही तिच्यात पाणी किती आहे याची वास्तपुस्त न होता. प्रत्येकजण कागदोपत्री निर्दोष राहतो आणि मासे मरतात. खाणी बंद केल्या तर हजारोंचे पोट मारले जाईल, हेही खरे. पण नदी वाचवण्यासाठी खाणी बंद करण्याची गरज नाही. खारे पाणी तलावात साठवून नदी भरून वाहत असताना थोडेथोडे सोडता येते, किंवा खर्च करून त्यातले मीठ काढता येते. पहिल्या उपायाला जागा लागते, दुसऱ्याला वीज.

त्यानंतरही सिलेशियातल्या ग्लिवित्से कालव्याच्या परिसरात हेच शेवाळ पुन्हा माजले, मासे पुन्हा मेले आणि शेवाळ मारण्यासाठी पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून पाहिले गेले. पेरॉक्साइडने शेवाळाच्या पेशी मरतात. पाण्यातले क्लोराइड त्याने कमी होत नाही.