शार्ड : हिरव्या दिव्यापलीकडे

इलॅस्टिकसर्च (पहिली आवृत्ती २०१०) हे शोध-इंजिन मोठ्या इंडेक्सचे तुकडे, म्हणजे शार्ड, वेगवेगळ्या नोडवर (सर्व्हरवर) ठेवते. प्रत्येक शार्ड आतून ल्युसीन या शोध-लायब्ररीचा पूर्ण इंडेक्स असतो. मूळ तो प्रायमरी, त्याची प्रत ती रेप्लिका. या दोघांना एकाच नोडवर कधीच जागा मिळत नाही.

या नोडांच्या समूहाची, म्हणजे क्लस्टरची, प्रकृती तीन रंगांत दिसते. हिरवा : सर्व शार्ड जागेवर. पिवळा : एखादी रेप्लिका जागेविना. लाल : एखादा प्रायमरीच अनुपलब्ध. मग प्रत्येक शार्डची स्थिती दाखवणारा वेगळा आलेख कशाला? कारण रंग फक्त हजेरी सांगतो, भार नाही. सगळी वर्दळ एकाच शार्डवर लोटली तरी दिवा हिरवाच राहतो. मूळ सेटिंगनुसार डिस्क ९० टक्क्यांपुढे गेली की त्या नोडवरचे शार्ड हलवले जाऊ लागतात. ९५ टक्क्यांपुढे संबंधित इंडेक्समध्ये नवी नोंदच होत नाही, आणि तेव्हाही रंग हिरवा असू शकतो. उलट, एकाच नोडचा क्लस्टर रेप्लिका मागितली की कायम पिवळा. त्यात बिघाड काहीच नसतो. रंग पहिल्या इशाऱ्यापुरता पुरेसा आहे, निदानासाठी नाही. म्हणून नोडनिहाय शार्डांचा आकार, स्थिती आणि डिस्क एकाच पडद्यावर हवी. शार्ड जागेविना का राहिला, याचे कारण ‘अलोकेशन एक्स्प्लेन’ ही एपीआय देते.