पाचटाला युरिया कशाला?

खोडव्यात पाचट न जाळता सरीत पसरलं, की काही ठिकाणी महिनाभरात ऊस पिवळा पडतो आणि खापर पाचटावर फुटतं. खरा मामला जमिनीतल्या बुरशी-जिवाणूंच्या पोटाचा आहे.

त्यांच्या शरीरात एक भाग नत्रामागे साधारण ८ भाग कर्ब असतो. खाल्लेल्या कर्बापैकी सुमारे दोन-तृतीयांश श्वसनात कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. म्हणून त्यांना मानवणारं अन्न २४ला १ या प्रमाणातलं. पाचटात हेच प्रमाण १००ला १च्या घरात! कर्ब चिक्कार, नत्राची वानवा. मग कमी पडलेलं नत्र ते मातीतून उचलतात आणि उसाची मुळं उपाशी राहतात. बुरशी त्यातल्या त्यात काटकसरी: जिवाणूंपेक्षा तिचं कमी नत्रात भागतं, शिवाय चिवट लिग्निनही प्रामुख्याने तीच फोडते. पाचट उचलून पाहा, खालच्या ओलसर पानांवरचे पांढरे तंतू तिचेच.

पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया टाकण्याची शिफारस आहे, ती यासाठीच. उचललेलं नत्र काही कायमचं जात नाही. सूक्ष्मजीव मेले, सूत्रकृमींनी खाल्ले, की ते पुन्हा मुळांच्या वाट्याला येतं. कोवळ्या फुटव्याला मात्र तेवढा धीर धरवत नाही. उलट, फुलावर येताना हिरवळीचं खत म्हणून गाडलेल्या तागात मुळातच नत्र पुरेसं असल्याने ही उधारी फारशी लागत नाही.