नाताळात मुंबईला जायचं? मग जुलैपासूनच तयारी करू या



हल्ली बैठक आटोपत आली, वह्या मिटल्या, की कुणीतरी हळूच विषय काढतं, "मॅडम, नाताळात मुंबईला जायचं का हो? सगळ्या मिळून?" विचारणारीचा आवाज जरा दबका असतो, जणू काही चुकीचंच मागतोय. यात चुकीचं काही नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी मुंबईला गेल्यात, पण दवाखान्यासाठी नाहीतर कुणाच्या लग्नासाठी. फिरायला म्हणून गेलेल्या फार थोड्या. म्हणून या अंकात मुंबईच्या सहलीबद्दल लिहिते आहे. ठिकाणांची माहिती पुढे आहे. आधी पैशाबद्दल, कारण सहलीवरून गटात जी कुरबूर होते ती बहुतेक पैशावरूनच होते.

गटाच्या बचतीला, फिरत्या निधीला किंवा समुदाय गुंतवणूक निधीला सहलीसाठी हात लावायचा नाही. त्या पेटीतल्या पैशावर कुणाची फवारणी, कुणाच्या मुलीची फी, कुणाचं दवाखान्याचं बिल अवलंबून असतं. बारा जणींनी अडीच-अडीच हजार उचलले तर तीस हजार एका दमात बाहेर गेले. पुढच्याच आठवड्यात एखादीची म्हैस आजारी पडली तर तिला काय सांगणार? शिवाय ज्या ताईला सहलीला यायचंच नाही, तिचाही पैसा त्यात आहे.

"मग आम्ही अंतर्गत कर्ज काढतो, फेडू की," असंही काही जणी म्हणतात. हिशोब करून बघा. २,५०० रुपये, महिना २ टक्के व्याज, दहा हप्ते. पहिल्या महिन्याला व्याज ५० रुपये, मग ४५, मग ४०, असं उतरत शेवटी ५. एकूण २७५ रुपये व्याज. आकडा लहान वाटतो, पण सहल डिसेंबरात संपते आणि हप्ता ऑक्टोबरपर्यंत चालतो. उन्हाळ्यात हाताला काम नसताना मुंबईचा हप्ता भरायचा, हे मला पटत नाही. दारात येऊन कर्ज देणाऱ्या कंपन्यांचे पैसे तर सहलीसाठी घ्यायचेच नाहीत.

त्यापेक्षा सहलीची वेगळी भिशी लावा. वही वेगळी, पैसे वेगळे. जुलैच्या पहिल्या रविवारपासून, म्हणजे ५ तारखेपासून धरलं तर २० डिसेंबरपर्यंत २५ आठवडे मिळतात. आता एका बाईचा खर्च मांडू. एसटीचं जाणं-येणं ६०० रुपये धरा. मुंबईत लोकल, बस, टॅक्सीचा वाटा १००. एक रात्र लॉज, चौघींत एक खोली, प्रत्येकीचे ४००. दोन दिवसांचं खाणं ५००. अडीअडचणीला २००. झाले १,८००. म्हणजे आठवड्याला ७२ रुपये. दोन रात्री राहायचं ठरवलं तर अडीच हजारांच्या घरात जातं, मग आठवड्याला १०० टाकावे लागतील. हे आकडे अंदाजाचे आहेत. नोव्हेंबरात पुन्हा भाव विचारून वही दुरुस्त करा.

या हिशोबात एक खर्च कुणीच लिहीत नाही, तो म्हणजे बुडालेली मजुरी. डिसेंबरात आपल्याकडे कांदा लागवडीची घाई असते, उसाला तोड आलेली असते. त्या दिवसांची मजुरी ही पण सहलीचीच किंमत आहे. ती वहीत लिहा, म्हणजे खरं काय परवडतं ते समोर दिसेल. आणि लाडक्या बहिणीच्या पैशावर सगळा बेत उभा करू नका. हप्ता कधी वेळेवर येतो, कधी पुढे जातो. आला तर भिशीत टाका, पण त्याच्या भरवशावर तिकीट काढू नका.

भिशीचे पैसे घरात डब्यात ठेवण्यापेक्षा दोघींच्या सहीचं बचत खातं काढा. पोस्टात ५०० रुपयांत निघतं. आणि एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठराव म्हणून लिहा: ऐनवेळी कुणाचं येणं रद्द झालं तर तिला किती पैसे परत मिळणार? माझं मत असं की तिकिटाचं जे नुकसान होईल तेवढं कापावं, बाकी पूर्ण परत द्यावं. बायका हौसेनं रद्द करत नाहीत. सासऱ्यांची तब्येत नाहीतर पोराची परीक्षा, असंच काहीतरी असतं. पण हे आधी लिहिलेलं नसलं की वर्षभर बोलणं बंद होतं.

आता तारीख. सगळ्यांच्या तोंडी २५ डिसेंबर आहे. यंदा तो शुक्रवार आहे. म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार सलग सुट्टी, आणि निम्मा महाराष्ट्र त्याच तीन दिवसांत बाहेर पडणार. शिवाय यंदा दत्त जयंती २३ डिसेंबरला आहे. देवगडला आपल्या किती जणी सेवेला असतात हे मी सांगायला नको. त्यातून उठून लगेच २४ ला बस पकडायची म्हणजे जीव मेटाकुटीला येईल.

आणखी एक गोष्ट आहे. आपल्या गटांत ख्रिस्ती ताया आहेत. वडाळा मिशन तर आपल्याच तालुक्यात. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये नगरला. तेव्हापासून आपल्या भागातल्या घरांत नाताळ आहे, करंज्या-शंकरपाळ्यांसकट. त्या तायांना २५ तारखेला स्वतःच्या चर्चमध्ये, स्वतःच्या घरी राहायचं असतं. ज्यांचा सण, त्यांनाच मागे ठेवून आपण नाताळ बघायला मुंबईला जायचं, हे बरं दिसत नाही.

म्हणून मी सुचवते: रविवारी २७ डिसेंबरला रात्री निघायचं. सोमवार-मंगळवार, २८ आणि २९, मुंबईत. मंगळवारी रात्री परत, बुधवारी सकाळी घरी. नाताळाची रोषणाई २५ ला संपत नाही. तारे, गोठे, झाडं नववर्षापर्यंत असतात, काही ठिकाणी ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत. गर्दी थोडी ओसरलेली असते आणि ३१ च्या गोंधळाआधी आपण घरी असतो. जिल्हा परिषदेच्या शाळांना मात्र नाताळची लांब सुट्टी नसते, तेव्हा मुलं न्यायची की नाही हे आधी ठरवा. माझ्या मते या वेळी फक्त बायकाच जाऊ. मुलं बरोबर असली की आईचा अर्धा जीव त्यांच्या चपलांतच असतो.

"त्यापेक्षा गोव्यालाच जाऊ," असं दोन गटांनी सुचवलं. पण नाताळात गोवा सर्वात महाग असतो, आणि एसटीची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच चालते.

ती सवलत तुम्हाला माहीत आहेच. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं भाडं. आरक्षणाचा आकार वेगळा लागतो. ७५ वर्षांपुढच्या आजींना प्रवास मोफत आहे, त्यांचं आधार कार्ड मात्र मूळ घ्या. रेल्वेत अशी महिला सवलत नाही आणि ज्येष्ठ नागरिकांची होती ती मार्च २०२० पासून बंद आहे. शिर्डीहून मुंबईला वंदे भारत जाते, गाडी छान आहे, पण आपल्या ७२ रुपयांच्या हिशोबात ती बसत नाही. तरीही कुणाला रेल्वेनेच जायचं असेल तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. २७ डिसेंबरसाठी २८ ऑक्टोबर ही तारीख कॅलेंडरवर खुणा करून ठेवा.

नेवाशाहून मुंबई साधारण ३०० किलोमीटर. एसटीने सात-आठ तास, घाटात ट्रक बंद पडला तर जास्त. नेवासा फाट्यावर उभं राहून मिळेल ती गाडी पकडू, असं बारा जणींनी म्हणू नका. संभाजीनगरकडून येणारी गाडी भरूनच येते. आगारात जाऊन वेळापत्रक विचारा आणि आरक्षण करा. खासगी ट्रॅव्हल्स सुट्टीत भाव चढवतात. त्यांना एसटीच्या त्याच अंतराच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही असा २०१८ चा शासन निर्णय आहे. कुणी जास्त मागितलं तर हे माहीत असू द्या.

राहण्याचं म्हणाल, तर "माझी नणंद कुर्ल्याला आहे" हे वाक्य मला प्रत्येक गावात ऐकायला मिळतं. नणंद प्रेमाने या म्हणेल. पण मुंबईतली दहा बाय पंधराची खोली, सकाळी पाण्याची ठरावीक वेळ, आणि आपण बारा जणी! एक-दोघी राहू शकतात, सगळ्या नाही. नणंदेकडे एक वेळ चहाला जाऊ. राहायला दादर किंवा भायखळ्याकडे लॉज बघा. फोनवर भाव ठरवताना दोन प्रश्न विचारा: खोलीत किती जणींना परवानगी आहे, आणि संडास-बाथरूम खोलीतच आहे की बाहेर. प्रत्येकीचं ओळखपत्र लागतं.

फिरायचं कुठे? सोमवारी सकाळी पोचून आंघोळ-चहा उरकला की सिद्धिविनायक, मग दुपारी गेटवे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा होडीचा बेत त्या दिवशी करू नका. संध्याकाळी नाताळ बघायला गिरगावातली खोताची वाडी. चर्नी रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. जुनी लाकडी जिन्यांची घरं, अरुंद गल्ली, दारावर चांदण्यांचे कंदील. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे ईस्ट इंडियन ख्रिस्ती मराठी बोलतात, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पण ती लोकांची राहती घरं आहेत. ओट्यावर बसून फोटो काढायचे नाहीत, खिडकीतून डोकवायचं नाही.

मंगळवारी सकाळी भायखळ्याची राणीची बाग. ती बुधवारी बंद असते, मंगळवारी उघडी. पेंग्विन बघायला रांग असते, लवकर जा. दुपारनंतर वांद्रे. हिल रोडचा बाजार नाताळात सजलेला असतो, आणि वर टेकडीवर माउंट मेरीचं चर्च. तिथे सगळ्या धर्मांचे लोक मेणबत्त्या वाहायला येतात. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसा. मिस्सेत लोक रांगेने पुढे जाऊन ख्रिस्तप्रसाद घेतात. तो आपल्या देवळातल्या प्रसादासारखा सगळ्यांना वाटायचा नसतो, बाप्तिस्मा आणि पहिला ख्रिस्तप्रसाद झालेल्या कॅथलिकांसाठीच असतो. आपण त्या रांगेत उभं राहायचं नाही. कुणी रागावणार नाही, पण त्यांच्या श्रद्धेचा मान राहतो.

उमेदचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन मुंबईत कधी डिसेंबरअखेर भरतं, कधी फेब्रुवारीत. तारीख जाहीर झाली आणि जुळली तर अर्धा दिवस तिकडे द्या. इतर जिल्ह्यांतल्या बायका मसाले, पापड कसे पॅक करतात, भाव काय लावतात, हे बघायला मिळेल.

लोकलबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण भीती तिचीच जास्त असते. कामाच्या दिवशी सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. आपला प्रवास त्या वेळा सोडून करा. वांद्र्याला चारच्या आत पोचा आणि परत निघताना लोकलऐवजी बसचा विचार करा. बायकांचा डबा वेगळा असतो, पण त्यातही पहिला वर्ग असतो. डब्यावर लिहिलेलं वाचूनच चढा. साध्या तिकिटावर पहिल्या वर्गात सापडलं तर किमान २५० रुपये दंड आणि वर भाड्यातला फरक. धावत्या गाडीत चढायचं नाही, एक गेली की दुसरी येतेच.

आणि कुणी मागे राहिली तर? हे निघण्याआधी घोकून घ्या. मागे राहिलेलीने हलायचं नाही, त्याच फलाटावर बायकांच्या डब्याच्या जागी थांबायचं. पुढे गेलेल्यांपैकी दोघींनी पुढच्या थांब्यावर उतरून परत यायचं, बाकीच्यांनी ठरलेल्या स्टेशनवर थांबायचं. सगळ्यांनीच उलट-सुलट धावायला सुरुवात केली की दिवस शोधण्यातच जातो. प्रत्येकीजवळ, विशेषतः ज्यांना फोन नीट वापरता येत नाही त्यांच्याजवळ, एका चिठ्ठीवर लॉजचं नाव, पत्ता आणि दोघींचे नंबर मराठीत लिहिलेले असू द्या. चिठ्ठी पर्समध्ये नको, ब्लाउजच्या खिशात. पर्स हरवते. रेल्वेत मदतीला १३९, पोलिसांना ११२.

रिक्षा वांद्र्याच्या अलीकडे, म्हणजे माहीम-दादरच्या बाजूला चालत नाही, तिथे टॅक्सी असते. मीटर टाकायला सांगा.

घरच्यांना कसं सांगायचं, हेही विचारलं जातं. मला वाटतं परवानगी मागत बसण्यापेक्षा बेत घेऊन जा: कधी निघणार, कधी येणार, कुठे राहणार, पैसे कुठून आले, आणि दोन दिवस गाईची धार कोण काढणार. हे शेवटचं उत्तर तयार असेल तर बाकीचे प्रश्न निम्मे होतात. शेजारच्या गटातल्या ताईशी अदलाबदल करता येईल. आता तिने तुमची जनावरं बघायची, तिची सहल असेल तेव्हा तुम्ही तिची.

ज्या गटांना जायचं आहे त्यांनी जूनच्या शेवटच्या बैठकीत नावं, आठवड्याची रक्कम आणि पैसे परत करण्याचा नियम ठराव-वहीत लिहावा. भिशीची वही कशी आखायची ते मी जुलैच्या भेटीत करून दाखवेन. एक कोरी दोनशे पानी वही तेवढी आणून ठेवा.