तलवारीवरचा लेख आणि पॉलिश पेपर

जुनी तलवार हाती आली की ती चकचकीत करण्याचा मोह होतो. चिंच, लिंबू, पॉलिश पेपर यांपैकी काहीतरी घरात असतेच. पण तुर्कस्तानच्या उस्मानी साम्राज्यातील तलवार अशी घासली, तर ती कोणाची आणि केव्हाची हे सांगणारा पुरावाच आपण पुसून टाकतो.

आकारावरून थोडी ओळख पटते. किलिज ही वक्र तलवार टोकाकडे रुंद होते आणि त्या रुंद भागाला मागच्या बाजूनेही धार असते. यातागान तिच्याहून आखूड. तिचे पाते धारेच्या बाजूला झुकलेले असते, मुठीच्या टोकाला कानांसारखे दोन भाग असतात आणि हात वाचवणारी आडवी पट्टी नसते. मात्र आकारावर फार विसंबू नये. जुन्या पात्याला नवी मूठ सर्रास बसवली जाई. पोलादही दुरून येई. आपल्या दख्खनमध्ये मुशीत तयार झालेले पोलाद पश्चिम आशियात जात असे. म्हणून लेखाला महत्त्व.

इस्तंबूलच्या टोपकापी राजवाड्यात सुलतान सुलेमानची एक यातागान आहे. तिच्यावर अहमद तेकेलू या कारागिराचे नाव आणि हिजरी सन ९३३ आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात तशीच एक यातागान आहे, पण तिच्यावर ना कारागिराची सही, ना साल. दोन्हींवरच्या ड्रॅगन आणि काल्पनिक पक्ष्याच्या झुंजीचे काम इतके जुळते, की दुसरीचा काळ आणि कारखाना पहिलीवरून ठरवता आला. एका लेखाने दोन तलवारी ओळखल्या गेल्या!

९३३ म्हणजे इसवी किती? हिजरी वर्ष चंद्राचे, साधारण ३५४ दिवसांचे. त्यामुळे ३३ हिजरी वर्षांत सुमारे ३२ सौर वर्षे बसतात. ९३३ ला ३३ ने भागले की सुमारे २८ येतात. ते ९३३ मधून वजा करून ६२२ मिळवले की १५२७. प्रत्यक्षात हे वर्ष १५२६-२७ मध्ये पडते, म्हणजे पानिपतच्या पहिल्या लढाईच्या सुमारास. आकडे वाचताना मात्र आपण मराठी वाचक हमखास फसतो. अरबी लिपीतला पाच बहुधा आपल्या शून्यासारखा दिसतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. अक्षरे उजवीकडून डावीकडे वाचायची, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून!

हा लेख पुष्कळदा सोन्याचा असतो. कधी पोलादात चर कोरून त्यात सोन्याची तार ठोकून बसवतात (बिदरची चांदीची कलाकुसर पाहिलेल्यांना हे लगेच समजेल). कधी पृष्ठभागावर बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून त्यांवर सोन्याचा पातळ पत्रा दाबतात. हा दुसऱ्या प्रकारचा थर पॉलिश पेपरच्या चार फटकाऱ्यांत निघून जातो.

सोने गंजत नाही, मग लेख बिघडतो कसा? सोने आणि लोखंड चिकटलेले असताना वर ओलावा आला की छोटा विद्युतघटच तयार होतो आणि त्यात लोखंड झिजते. सोन्याखाली गंज फुगतो आणि पत्रा सुटतो. घामातले मीठ या क्रियेला मदत करते, म्हणून पाते उघड्या हाताने धरू नये. वर्गात हे सहज दाखवता येईल. मिठाच्या पाण्यात दोन खिळे ठेवा. त्यांतल्या एकाला तांब्याची उघडी तार घट्ट गुंडाळा. तारेचा खिळा लवकर गंजेल.

तलवार सांभाळणाऱ्याने आधी तिचे फोटो घ्यावेत. बॅटरीचा प्रकाश बाजूने तिरपा टाकला की सोने गेलेले चरही वाचता येतात. मग स्पिरिटच्या बोळ्याने जुने तेल हलकेच टिपावे आणि मेणाचा अगदी पातळ थर द्यावा. काळा, घट्ट थर तसाच राहू द्यावा. पावडरीसारखा सुटणारा तांबूस गंज दिसला तर जाणकाराला दाखवावे. पाते म्यानात ठेवू नये, कारण चामडे आणि लाकूड ओलावा धरतात. हवा कोरडी हवी, पण अति कोरडी नको. मूठ शिंगाची किंवा हस्तिदंती असेल तर तिला तडे जातात.

घासण्याने आणखी एक नुकसान होते. किंमत वाढवण्यासाठी जुन्या पात्यांवर नवे लेखही कोरले जातात. भिंगातून पाहिले, आणि जुन्या गंजाचे खड्डे कापून गेलेले चर आतून स्वच्छ दिसले, तर शंका घ्यायला जागा असते. पाते घासून लख्ख केले असेल, तर खरा आणि खोटा चर सारखेच चमकतात.